दुपारची सुट्टी आणि सिंहासन

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरातले लोक हट्टी म्हणतात आणि बाहेरचे कात्री. पहिलं नाव त्यांना लग्न झाल्या झाल्या मिळालं. दुसरं त्यांनी स्वतःच घेतलं, मोबाइलवरच्या एका खेळात. त्या खेळातली माणसं त्यांना कात्रीताई म्हणतात. एकाचंही तोंड आम्ही पाहिलेलं नाही, पण ती त्यांचा शब्द असा झेलतात, की तसा आमच्या घरात आजवर कुणी झेललेला नाही. त्यात मीही आले.

आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन शिवत नाही, झालेलं नीट करून देतो. पँटची उंची, बिघडलेली चेन, कोटाचं फाटलेलं अस्तर. वजन वाढलं की कंबर सैल करायची, आणि वजन उतरलं असा गिऱ्हाइकाचा समज झाला की परत आत घ्यायची. जाऊबाई मशीनवर बसतात, इस्त्री आणि बटणं माझ्याकडे. खोली एवढीशी, की मी इस्त्री पुढे ढकलली की त्यांनी कोपर मागे घ्यायचं. इतक्या वर्षांत एकदाही चटका बसलेला नाही, हे आमच्या प्रेमाचं लक्षण म्हणा किंवा सवयीचं.

जाऊबाई जुन्या टिपेवर नवी टीप मारत नाहीत. आधी उसवायचं, दोरे वेचायचे, मग शिवायचं. बाकीचे वरून एक टीप मारून मोकळे होतात, काम झटपट उरकतं, बाहेरून कुणाला काही दिसत नाही. मी एकदा म्हटलंही, "ताई, आपणही तसंच करू या की. कुणाला कळतंय?"

"घालणाऱ्याला टोचतं," त्या म्हणाल्या आणि उसवत राहिल्या.

खेळ घरात आणला थोरल्यांनी, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याने. ते लांब पल्ल्याच्या मालट्रकवर असतात, महिन्यातले थोडेच दिवस घरी. बायकोशी रोज फोनवर काय बोलायचं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी दोघांच्या मोबाइलवर तो खेळ घातला. चार दिवसांत त्यांना कंटाळा आला. जाऊबाईंना आला नाही.

खेळ असा, की प्रत्येकाचा एक गड असतो. भिंती बांधायच्या, शिपाई तयार करायचे, दुसऱ्याच्या गडावर चढाई करायची. एकट्याचं काही चालत नाही, म्हणून टोळी करायची. त्याला खेळात गिल्ड म्हणतात. दर आठवड्याला एक टोळी दुसरीशी लढते. लढाईत जागा मोजक्या, आणि ज्याला जागा मिळाली त्याने एकच चढाई करायची. चढाई चांगली झाली तर तीन तारे, बरी झाली तर दोन किंवा एक. ज्या टोळीचे तारे जास्त ती जिंकली. आणखी एक गोष्ट असते, रसद. आपले तयार शिपाई सोबत्याच्या गडावर पाठवून द्यायचे. पाठवणाऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही, कौतुकसुद्धा नाही. म्हणून बहुतेक टोळ्यांत रसद मागणारे शंभर आणि पाठवणारे दोन.

जाऊबाईंनी टोळी काढली आणि नाव ठेवलं 'दुपारची सुट्टी'. कारण त्यात जमलेले सगळे पोटापाण्याचे धंदे करणारे, डबा खाता खाता खेळणारे. या टोळीचा नियम एकच. लढाईत जागा कष्टावर मिळेल. आठवडाभर जो रसद पाठवेल, सराव करेल, तो लढेल. गड मोठा की लहान हे विचारायचं नाही.

हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते मला ठाऊक आहे. लग्नाआधी त्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात होत्या. तिथे फळ्यावर दर महिन्याला सर्वांत वेगवान शिवणारीचं नाव लागायचं. त्या रांगेत एक वयस्कर बाई होत्या, ज्या सगळ्यांच्या बॉबिन भरायच्या, दोरे कापायच्या, तुटलेल्या सुया बदलून द्यायच्या. त्यांचं नाव कधीच कुठे लागलं नाही. त्या तापाने आजारी पडल्या तेव्हा फळ्यावरच्या वेगवान बाईंसकट अख्खी रांग ठप्प झाली. बऱ्या होऊन आल्या, पुन्हा फळ्यावर वेगवान बाईंचंच नाव. जाऊबाईंनी फळा पुसून त्या वयस्कर बाईंचं नाव खडूने लिहिलं. नोकरी गेली. हे सांगताना त्या अजूनही हसतात.

आता आमच्या ह्यांच्याकडे वळते. आमचे हे म्हणजे जाऊबाईंचे धाकटे दीर आणि माझे यजमान. रस्त्यापलीकडे बॅटरीच्या दुकानात असतात. खेळातलं त्यांचं नाव 'तोफ'. टोळीत सगळ्यांत मोठा गड त्यांचा, चढाईत हात जबरदस्त, आणि रसदीच्या नावाने शून्य. दर आठवड्याला लढाईची यादी लागायची आणि त्यात तोफ नसायची. रात्री जेवताना घरात दुसरी लढाई व्हायची.

"वहिनी, घरचा माणूस बाहेर बसवून तुम्ही त्या किल्लीला घेता? त्याच्या गडाला भिंती तरी पुरत्या आहेत का?"

"भावजी, रसद पाठवा. उद्या जागा देते."

"मी लढणारा माणूस आहे. हमाल नाही."

"मग बसा," असं म्हणून जाऊबाई पाण्याचा तांब्या पुढे सरकवायच्या.

हा किल्ली म्हणजे कुठल्या तरी गावातला कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा. फोन जुना, गड चिमुकला, पण गिऱ्हाईक नसलं की बसल्या जागेवरून सगळ्यांना रसद धाडत राहायचा. त्याने एकदा टोळीत लिहिलं होतं, "कुलूप उघडणं वेगळं, फोडणं वेगळं. दार दोन्हीने उघडतं, पण उघडणाऱ्यालाच लोक परत बोलावतात." जाऊबाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते मला चारदा वाचून दाखवलं.

आणि खरं सांगायचं तर मला ह्यांची बाजू घ्यायला लाज वाटायची आणि न घ्यायला भीती. मीही टोळीत होते, 'धाकटी' या नावाने. माझा गड म्हणजे आनंदच होता. पण रसद मी इमानाने पाठवायची. इस्त्री तापेपर्यंत दुसरं करायचं तरी काय?

अशा या टोळीने रखडत, पडत, उठत वरची रांग गाठली. खेळातल्या सगळ्यांत तगड्या टोळ्या तिथे असतात. वर गेल्यावर कळलं की तिथे बरंच काही ठरवून चालतं. सगळ्यांत जुनी टोळी 'सिंहासन', आणि तिच्या म्होरक्याचं नाव सरदार. हंगामाच्या शेवटच्या लढाईत आमची गाठ सिंहासनाशीच पडली. जो जिंकेल तो वर राहील, जो हरेल तो खाली जाईल. तेव्हा या सरदाराचा जाऊबाईंना निरोप आला. त्यांनी तो मशीनमध्ये दोरा ओवता ओवता मला मोठ्याने वाचून दाखवला.

"कात्रीताई, या खेपेला तुम्ही हरा. खाली गेलात तरी एका हंगामात आम्ही तुम्हाला वर ओढून घेऊ, मग आम्ही हरू. इथे सगळे असंच सांभाळून घेतात. नाहीतर आम्हाला दुसऱ्या टोळ्यांतले तगडे पाहुणे बोलवावे लागतील. कष्टाचं कौतुक खालच्या रांगेत ठीक आहे. वर ताकद लागते."

"नुरा कुस्ती की हो ही!" मी म्हटलं.

जाऊबाईंनी दाताने दोरा तोडला. मग तो निरोप जसाच्या तसा टोळीत सगळ्यांसमोर टाकला आणि खाली सरदाराला उत्तर लिहिलं, "हरणं एवढं सोयीचं असेल तर आधी तुम्ही हरून दाखवा. आम्ही बघून शिकू."

मला वाटलं होतं, टोळी टाळ्या वाजवेल. काहींनी वाजवल्या. काही मात्र म्हणाले, ताई, कशाला नाकाने कांदे सोलता, मिळतंय ते घ्या. काहींनी तोफेला तरी घ्या म्हणून विनवलं. जाऊबाईंनी सगळ्यांचं वाचलं आणि एकच लिहिलं, "मला वर राहायचंय. कुणाहीपेक्षा जास्त राहायचंय. पण याच नियमाने. नाहीतर तो सरदार म्हणतो तेच खरं ठरेल."

शेवटच्या लढाईची यादी लागली. तोफ नव्हती. धाकटी होती.

मी यादी तीनदा वाचली. वरच्या रांगेतल्या लढाईत माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं, आणि जाऊ म्हणून नाही, रसदीच्या जिवावर आलं होतं. ह्यांनी ती यादी वाचली तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "तू?" एवढंच म्हणाले. त्या एका अक्षरात आमच्या संसाराचा अख्खा हिशेब होता.

"मी," मी म्हटलं.

आठवडाभर मी माझ्या वाटणीच्या गडाचा अभ्यास केला. शर्ट इस्त्री करतानाही तोच डोळ्यांसमोर. पुढून तोफा लावलेल्या, डावीकडे खंदक. पण मागे धान्यकोठाराजवळ भिंत एक पायरी बुटकी होती. माझी चढाईची रीत साधी आहे, आधी शिड्या, मग तिरंदाज, मग बाकीचे. जाऊबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "दोन तारे येतील. घाई केली नाहीस तर तीन."

लढाईच्या दिवशी दुपारी दुकान अर्धं ओढून घेतलं, पण एक गिऱ्हाईक कोट घेऊन अडून बसलं होतं. संध्याकाळी कुठल्याशा मुलाखतीला जायचं, बाही चुरगळलेली. मी म्हटलं, आधी कोट, मग कोठार. माझा फोन भिंतीला चार्जिंगला लावलेला. आमचे हे जेवणाच्या सुट्टीत आले, स्टुलावर बसले. मी पाठमोरी बाहीवर पाणी शिंपडत होते.

जाऊबाईंच्या फोनवर टोळीचे निरोप टणाटण वाजायला लागले. धाकटी, कमाल केलीस! धाकटी, तीन तारे! सिंहासनाच्या पुढे गेलो!

मी इस्त्री उभी केली आणि वळले. माझा फोन ह्यांच्या हातात होता, आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं काही त्यांनी मला दागिना आणला होता.

"घे," ते म्हणाले. "तुझे तीन तारे."

माझे? मला इतका संताप आला, की कोटासाठी थांबलेल्या त्या सद्गृहस्थाने एक पाऊल मागे घेतलं. ती बुटकी भिंत मी शोधली होती. दोन तारे येवोत, एक येवो, शून्य येवो, ती चढाई माझी होती. माझ्या संसारात बाकी सगळं अर्धं ह्यांचं आहे, पलंगापासून मुलांच्या आडनावापर्यंत. ही एक चढाई मी स्वतः कमावली होती, आणि हे आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले.

पण मी काही बोलायच्या आत जाऊबाईंनी ती चढाई लावली. झालेली चढाई पुन्हा पाहता येते. त्या तोंडात टाचण्या धरून पाहत होत्या. समोरच्या दरवाजावर सगळ्या तोफा एकदम, मग घोडेस्वार. शिडी एकही नाही. जाऊबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला टोचल्या.

"कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"धाकटीनेच," हे म्हणाले. "तिच्याच गडावरून झालीय. बघा की नाव."

जाऊबाई ह्यांच्याकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी एक शब्द बोलले असते, किंवा नुसती गप्प राहिले असते, तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. टोळी पुढे, नवरा खूश, आणि टोळीभर माझं नाव.

"मी नाही," मी म्हटलं. "माझा हात नाही तो."

"कळलं होतं मला," जाऊबाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

खेळात म्होरक्याला एक सोय असते. लढाई संपायच्या आत तो आपल्याच माणसाची चढाई रद्द करू शकतो. तारे जातात, चढाई परत मिळत नाही, आणि रद्द झाल्याची खूण खेळात सगळ्यांना दिसते. ही सोय कशासाठी ठेवलीय कोण जाणे, कारण ती वापरलेली आम्ही कधी पाहिली नव्हती. आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल? जाऊबाईंचा अंगठा तिकडे वळला, तसे हे स्टुलावरून उठले.

"वहिनी, वेड लागलंय का? सिंहासनवाले परकी माणसं आणून लढतायत. मी तर घरचा! बायकोच्या फोनवर नवऱ्याने बोट लावलं तर काय आभाळ कोसळलं? कुणाला कळणार आहे?"

"भावजी, वरून टीप मारता येते मला. सगळ्यांत सोपं काम आहे ते," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळीच चढला नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटली. "पण मग तिकडे किल्ली आठवडाभर रसद पाठवून कुणासाठी बसलाय? तुम्ही धाकटीची जागा खाल्लीत. तिच्या नावाने जिंकून तिलाच खाली बसवलंत. हे मी जिंकणं म्हणून मिरवू?"

आणि त्यांनी अंगठा दाबला. मग टोळीत लिहिलं, काहीही न लपवता, "धाकटीची चढाई माझ्या दिराने केली. रद्द केली आहे. धाकटीने स्वतः सांगितलं. बाकीच्यांनी आपापली करा."

कोटवाले गृहस्थ म्हणाले, "माझी बाही?" मी बाही करून दिली. घडी सरळ पडली.

टोळीत शिव्या सुरू झाल्या. त्यांच्या मधोमध किल्लीचा निरोप आला, "बरं केलंत, ताई. माझी अजून बाकी आहे. गिऱ्हाईक गेलं की करतो."

त्याने केली. चिमुकल्या गडावरून, त्या जुन्या फोनवर, सिंहासनाच्या एका पाहुण्यावर चढाई केली. जाऊबाई आणि मी एकाच फोनवर डोकी लावून बघत होतो. हे दारात उभे होते, जायचं तर होतं आणि जाववत नव्हतं. एक तारा आला. दुसरा आला. तिसऱ्यासाठी एकच बुरूज उरला होता आणि किल्लीचे दोनच शिपाई. ते बुरुजापर्यंत पोचले. तिथेच संपले.

आम्ही एका ताऱ्याने हरलो. रद्द केलेल्या तीन ताऱ्यांत तो आरामात बसला असता, हे गणित कुणालाही येतं.

जाऊबाई रडल्या. उगाच खोटं कशाला सांगू, चांगल्या रडल्या, पदराने नाक पुसत. "मला वर राहायचं होतं गं," म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले. मग एक बाई पडदे कड्या लावायला घेऊन आल्या, म्हणून आवरलं.

आणि नेमका तेव्हाच सरदाराचा निरोप आला. "तीन तारे ठेवले असते तर वर राहिला असतात. आता बसा तुमचा नियम उराशी धरून."

जाऊबाईंनी चष्मा पुसला आणि पडदा मांडीवर तसाच ठेवून लिहिलं, "आम्ही हरलो ते आमचं हरणं आहे. एकेकाच्या नावानिशी सांगता येईल. तुमचं जिंकणं पाहुण्यांचं आहे, आणि वरचा तारा आम्ही दिलेला. तेवढा सांभाळून ठेवा, पुढच्या हंगामात न्यायला येतो."

"पडलो तरी नाक वर," मी म्हटलं.

"मग कुठे ठेवायचं नाक?" असं म्हणून त्यांनी पडदा मशीनखाली घातला.

टोळीतले काही जण सोडून गेले. जाताना एकाने लिहिलं, 'तत्त्वं शिजवून खा.' जाऊबाईंनी त्याला निरोपाचा नमस्कार केला. किल्ली राहिला. बरेचसे राहिले. आणि खालच्या रांगेतून दोन-तीन नवीन माणसं आली, त्यांनी म्हणे ते रद्द केलेलं पाहिलं होतं.

आमचे हे आठवडाभर फुगून बसले. जेवायला यायचे, जेवायचे, भिंतीकडे बघत हात धुवायचे. मी काही मनधरणी केली नाही. फोनचं कुलूप मात्र बदललं, आणि बदललं हे सांगितलंही.

मग नवीन हंगामाच्या पहिल्या लढाईची यादी लागली. सगळ्यांत वर किल्ली. चौथी मी. तोफेचं नाव कुठेच नव्हतं. मी दुकानात एका पँटची घडी पाडत होते. हे जेवणाच्या सुट्टीत आले, स्टुलावर बसले, स्वतःचा फोन काढून बराच वेळ त्यात खुडबुड करत राहिले. जाऊबाई मशीन चालवत होत्या. शेवटी ह्यांनी घसा खाकरला आणि आवाज शक्य तेवढा बारीक करून मला विचारलं,

"अगं, ही रसद पाठवायची कुठून असते?"

मशीन थांबलं. इतकी वर्षं टोळीत असलेल्या माणसाला तो रस्ताच माहीत नव्हता. जाऊबाई हसणार, म्हणून मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. इस्त्रीही खाली ठेवली नाही.

"शोधा," मी म्हटलं.